गडद, कडक बेल्जियन बिअर चाखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपला निघालेले मित्र, अमेरिकेत स्थायिक झालेले नातेवाईक आणि पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत शेजारच्या टेबलावर बसलेली मंडळी मला बेल्जियन बिअरबद्दल साधारण हेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर दिली आहेत. रोख एकाच प्रकारावर आहे: मठांच्या परंपरेतून आलेली, गडद तपकिरी, ८ ते १२ टक्के अल्कोहोलची बिअर. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी बेल्जियममधल्या रोशफोर मठाची रोशफोर १० ही बिअर घेतली आहे, कारण या प्रकाराचे सगळे गुण मला तिच्यात सर्वांत ठळक वाटतात.

नेमकी कोणती बिअर म्हणायची ही?

बेल्जियममधल्या गडद मठ-बिअरचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला डुबेल. ही साधारण ६ ते ७.५ टक्क्यांची असते. वेस्टमाले मठाने १८५६ मध्ये गडद, जरा दमदार बिअर विकायला सुरुवात केली आणि १९२६ मध्ये तिची कृती आणखी भारदस्त केली. आजची डुबेल तिथून आली. दुसरा गट त्याहून कडक. रोशफोर १०, वेस्टव्लेटरन १२, सेंट बर्नार्डस आब्ट १२ आणि शिमे ब्ल्यू या त्यातल्या प्रसिद्ध बिअर. या गटाला आज सर्रास क्वाड्रुपेल म्हणतात. हे नाव मात्र बेल्जियमचं नाही. नेदरलँड्समधल्या कोनिंग्सहूवेन मठाने १९९१ मध्ये आपल्या ला ट्राप बिअरसाठी ते वापरलं आणि तिथून ते जगभर गेलं. रोशफोरच्या किंवा वेस्टव्लेटरनच्या मठवासीयांनी ते आपल्या बिअरला दिलेलं नाही.

आपल्याकडची ‘स्ट्राँग’ बिअरसुद्धा ८ टक्क्यांपर्यंत असते. मग फरक काय?

फरक मुळापासून आहे. आपल्याकडे वाईन शॉपमधून स्ट्राँग बिअर घेणारा बहुतेक वेळा किक विकत घेत असतो. ती लागर प्रकारची, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली असते, बार्लीच्या जोडीला तांदूळ किंवा मका असतो, आणि ती इतकी थंड करून प्यायली जाते की चवीकडे फारसं लक्ष जाऊ नये.

बेल्जियन गडद बिअरमध्ये अल्कोहोल हा चवीच्या मागोमाग आलेला परिणाम आहे. दाट चव हवी म्हणून माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) भरपूर घेतात, त्यात काळपट साखरेचा पाक घालतात. इतकं सगळं आंबवल्यावर अल्कोहोल वाढणारच. तेच अल्कोहोल मग वास वर उचलतं आणि घोटाला ऊब देतं. म्हणून ही बिअर चाखताना ती किती चढते याच्या आधी तिच्यात काय काय आहे हे शोधायचं. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीपाशी येतात.

गडद रंग म्हणजे जास्त दारू का?

नाही. गिनेस ड्राफ्ट जवळजवळ काळी दिसते, पण तिच्यात फक्त ४.२ टक्के अल्कोहोल असतं. उलट वेस्टमाले ट्रिपेल सोनेरी असते आणि तिच्यात ९.५ टक्के. रंगावरून फक्त माल्ट आणि साखर किती तापवली गेली याचा अंदाज येतो.

मग या बिअरला रंग येतो कुठून?

मुख्यतः साखरेतून. इथे स्टाऊटसारखी (गिनेस त्याच प्रकारातली) जळण्याच्या बेतापर्यंत भाजलेली बार्ली वापरत नाहीत. म्हणून कॉफीसारखा कडवटपणा येत नाही. बीटची साखर पाण्यात विरघळवून, तापवून, काळपट होईपर्यंत तिचा पाक करतात. त्याला कँडी सिरप म्हणतात. या पाकातून मनुका, सुकं अंजीर, काकवी यांची आठवण देणाऱ्या चवी येतात. जोडीला थोडं कॅरॅमल माल्ट असतं. ग्लास उजेडासमोर धरलात तर कडेला लालसर, तांबूस झाक दिसेल. अजिबात उजेड आरपार न जाणारी, शाईसारखी काळी बिअर ‘बेल्जियन क्वाड’ (क्वाड्रुपेलचं छोटं नाव) म्हणून समोर आली, तर तिच्यात भाजलेलं माल्ट जास्त पडलंय असा मला संशय येतो.

बिअरमध्ये साखर घालणं म्हणजे भेसळच ना?

हा प्रश्न जर्मन बिअरवर वाढलेली मंडळी हमखास विचारतात, आणि त्याचं उत्तर चवीत आहे. केवळ माल्टपासून ११ टक्क्यांची बिअर केली, तर न आंबलेले घटक इतके उरतात की ती जड आणि चिकट लागते. एका ग्लासातच जेवण झाल्यासारखं वाटतं. साखर मात्र यीस्ट जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतं. त्यामुळे अल्कोहोल वाढतं आणि बिअरचं अंग हलकं राहतं.

म्हणूनच चांगली गडद बेल्जियन बिअर नाकाला गोड वाटते आणि जिभेवरून जाताना कोरडी होते, म्हणजे गोडवा मागे उरत नाही. वासात खजूर, मनुका. घोटाच्या शेवटी मात्र स्वच्छ, जरासा कडवट कोरडेपणा. माझ्या लेखी या प्रकारातली पहिली परीक्षा हीच. शेवटपर्यंत गोडच राहिली, ओठ चिकटले, तर ती बिअर कितीही महाग असली तरी अर्धवट जमलेली आहे.

केळं, लवंग, वेलची असले वास येतात. ते मसाले घातलेले असतात का?

काही ब्रुअर थोडे मसाले घालतात. रोशफोरमध्ये धणे असतात. पण केळं आणि लवंग यांचं श्रेय जवळजवळ नेहमी यीस्टला जातं. लागर ८ ते १३ अंश सेल्सिअसच्या थंडीत सावकाश आंबते. बेल्जियन यीस्ट २० ते २५ अंशांत, कधी त्याहून जास्त उबेत काम करतं. त्या तापमानाला ते एस्टर आणि फिनॉल नावाची संयुगं तयार करतं. पिकलेल्या केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरचा. लवंगेचा वास ४-व्हिनाइल ग्वायकॉल या फिनॉलचा.

प्रत्येक मठाचं यीस्ट वेगळं, आणि ते जिवापाड जपलेलं. शिमेचं आजचं यीस्ट फादर थेओडोर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात वेगळं करून वाढवलं. तीच साखर, तेच माल्ट घेऊन दुसऱ्या यीस्टने बिअर केली तर ती ओळखू येणार नाही. एकाच संध्याकाळी दोन मठांच्या बिअर शेजारी शेजारी ठेवून पाहा, हे लगेच पटेल.

रोशफोर ६, ८, १० किंवा वेस्टव्लेटरन १२. हे आकडे अल्कोहोलचे आहेत का?

नाहीत. रोशफोर ६ मध्ये ७.५ टक्के अल्कोहोल आहे, ८ मध्ये ९.२ आणि १० मध्ये ११.३. वेस्टव्लेटरन १२ मध्ये १०.२ टक्के. आंबवण्यापूर्वीचं द्रावण किती दाट आहे हे मोजायची जुनी बेल्जियन पद्धत होती, तिच्यातून हे आकडे आले आणि पुढे नावाला चिकटून राहिले. दुकानात लवकर ओळखायचं तर रोशफोरची झाकणं बघा: ६ ला लाल, ८ ला हिरवं, १० ला निळं.

ट्रॅपिस्ट बिअर आणि ‘ॲबी’ बिअर यांत काय फरक?

ट्रॅपिस्ट हे ख्रिस्ती धर्मातल्या सिस्टर्शियन परंपरेतल्या एका कडक शिस्तीच्या शाखेचे मठवासी. बाटलीवर ‘ऑथेंटिक ट्रॅपिस्ट प्रॉडक्ट’ असं षटकोनी चिन्ह असेल, तर तीन गोष्टींची खात्री असते. बिअर मठाच्या आवारात तयार झाली आहे, कारभारावर मठाची देखरेख आहे, आणि उत्पन्न मठाच्या गरजा भागवून उरलं तर समाजकार्याला जातं. बेल्जियममध्ये आज हे चिन्ह वापरणारे मठ पाच: वेस्टमाले, वेस्टव्लेटरन, शिमे, रोशफोर आणि ओर्वाल. आखेल हा सहावा होता. तिथले शेवटचे मठवासी निघून गेले आणि २०२१ मध्ये त्याने ते चिन्ह गमावलं.

‘ॲबी’ बिअरला मठाचं नाव असतं, पण ती बहुतेक वेळा व्यावसायिक कारखान्यात तयार होते. लेफ हे त्याचं सर्वांत माहितीचं उदाहरण.

म्हणून ॲबी बिअर कमअस्सल समजू नका. सेंट बर्नार्डसची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. वाटू गावातल्या या ब्रुअरीला १९४६ पासून वेस्टव्लेटरनच्या सिंट सिक्स्टस मठाची बिअर बाहेर तयार करून विकायचा परवाना होता. ट्रॅपिस्ट बिअर मठाच्या भिंतींच्या आतच झाली पाहिजे हा नियम पक्का झाल्यावर १९९२ मध्ये तो संपला. ब्रुअरीने नाव बदललं, बिअर चालू ठेवली. सेंट बर्नार्डस आब्ट १२ तीच. तिच्यावर षटकोनी चिन्ह नाही, आणि माझ्या आवडीच्या यादीत ती फार वर आहे.

इतक्या कडक बिअर बेल्जियममध्येच का रुजल्या?

मठांची जुनी परंपरा हे एक कारण आहेच. रोशफोरच्या मठात १५९५ मध्ये बिअर तयार होत असल्याची नोंद सापडते. पण आजच्या कडकपणामागे एक कायदाही आहे. १९१९ मध्ये बेल्जियमने कॅफे आणि खानावळींत जिनसारख्या कडक दारूची विक्री बंद केली. समाजवादी नेते एमिल व्हांडरव्हेल्डे यांच्या नावाने हा कायदा ओळखला जातो. कामगारांमधलं व्यसन कमी व्हावं हा हेतू होता. कॅफेत दमदार पेय म्हणून उरली ती बिअर, आणि ब्रुअरांनी ती जास्त कडक करायला घेतली. हा कायदा १९८३ पर्यंत टिकला. तोवर कडक, घोट घोट घ्यायच्या बिअरची सवय देशाच्या अंगात पुरती मुरली होती. २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

किती थंड करून प्यायची?

१० ते १४ अंश सेल्सिअस. म्हणजे आपल्या फ्रिजपेक्षा बरीच कोमट, पुण्या-मुंबईच्या खोलीपेक्षा बरीच थंड.

लोक सर्वांत जास्त नाराज होतात ते याच उत्तरावर, म्हणून कारण सांगतो. फ्रिजमधून काढलेला हापूस लगेच कापला तर त्याचा वास येत नाही. तेच इथे होतं. ४ अंशांवर वास ग्लासातून वर येतच नाही, अल्कोहोल आणि कडवटपणा तेवढे पुढे येतात, आणि बिअर सपाट वाटते. बाटली फ्रिजमधून काढून आपल्याकडच्या हवेत १५-२० मिनिटं बाहेर ठेवा, मग उघडा. पहिला घोट जरा थंड असला तर चांगलंच. शेवटचा घोट येईपर्यंत तीच बिअर वेगळी झालेली असते, आणि हा बदल टिपणं हा या बिअरचा अर्धा आनंद आहे. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवू नका. बर्फ तर नकोच.

ग्लास कुठला हवा?

पारंपरिक ग्लास म्हणजे रुंद तोंडाचा, जाड दांड्याचा चषक. तो नसेल तर रेड वाईनचा ग्लास उत्तम; वास धरून ठेवायला तर तो कधीकधी सरसच ठरतो. ग्लास स्वच्छ हवा, म्हणजे त्यात तेलाचा किंवा भांड्यांच्या साबणाचा अंश राहता कामा नये, नाहीतर फेस क्षणात बसतो. ओतण्याआधी थंड पाण्याने विसळून घ्या, पुसू नका.

ओतायची कशी? तळाशी गाळ दिसतो, बिअर खराब आहे का?

खराब नाही. तो गाळ म्हणजे यीस्ट. या बिअर भरताना बाटलीत थोडी साखर आणि ताजं यीस्ट घालतात आणि बाटल्या काही आठवडे उबदार खोलीत ठेवतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होते, वायू तयार होतो, यीस्ट तळाशी बसतं. म्हणून बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा. आडवी ठेवून आणलीत तर सगळं ढवळलं जातं.

ग्लास तिरका धरून सावकाश, एकाच दमात ओता. मध्येच बाटली सरळ केली की गाळ उठतो. अर्ध्यावर आल्यावर ग्लास सरळ करा म्हणजे दोन-तीन बोटं फेस येईल. तळाला सेंटिमीटरभर बिअर ठेवा.

उरलेला गाळ प्यायला काहीच हरकत नाही. त्याची चव पावासारखी, जराशी कडवट, मातकट असते. मी तो वेगळ्या छोट्या ग्लासात घेतो, म्हणजे मुख्य ग्लास स्वच्छ राहतो आणि यीस्टची ओळखही होते. सवय नसेल तर पोटात गडगड होऊ शकते, एवढं लक्षात ठेवा.

प्रत्यक्ष चाखायची कशी?

घाई नसलेली संध्याकाळ निवडा. खोलीत उदबत्ती, फोडणीचा वास किंवा अत्तर नको. तोंडात पान, गुटखा, पुदिन्याची गोळी यांचा अंश नको. बाजूला साधं पाणी आणि एखादा कोरा पावाचा तुकडा ठेवा.

आधी नुसतं बघा. रंग तांबूस-तपकिरी, फेस बदामी आणि बारीक बुडबुड्यांचा. फेस जसजसा खाली बसतो तशी काचेवर जाळी राहते.

मग वास. ग्लास नाकाशी नेऊन लांब श्वास ओढू नका. दोन-तीन छोटे श्वास घ्या, ग्लास खाली ठेवा, पुन्हा घ्या. पहिल्यांदा बहुधा फळं येतात: मनुका, सुकं अंजीर, खजूर, कधी जर्दाळू. ती ओळखली की त्यांच्यामागे काय आहे ते शोधा. रोशफोर १० मध्ये मला तिथे लवंग, मिरी आणि भाजलेल्या पावाची कड सापडते, आणि बिअर कोमट होऊ लागल्यावर कोको. मनात येईल ते नाव मोठ्याने म्हणा. परदेशी टिपणांतले ‘प्लम’ आणि ‘फिग’ पाठ करून तेच शोधत बसण्यात अर्थ नाही. तुमच्या नाकाला चिंचेचा कोळ, गुळाची ढेप, नारळाच्या पाकातलं जायफळ आठवलं, तर ते तितकंच खरं.

आता घोट, आणि तोही लहान. गिळण्याआधी तो जिभेवर सगळीकडे फिरू द्या. वायू भरपूर असल्याने तो तोंडात फुलतो. हे फुलणं महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळेच इतकी दाट बिअर जड वाटत नाही. गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. घशाच्या मागून नाकात जाणारा हा वास नुसत्या हुंगण्यातून कळत नाही. बहुतेकांना मसाल्याच्या चवी तेव्हाच पहिल्यांदा जाणवतात.

अल्कोहोल कुठे जाणवतं तेही बघा. छातीत पसरलेली ऊब हे चांगलं लक्षण. घशात जळजळ आणि नाकात झणका हे वाईट.

नंतर ग्लास खाली ठेवा आणि गप्पा मारा. दहा मिनिटांनी पुन्हा वास घ्या. ३३० मिलीच्या एका बाटलीला पाऊण तास सहज द्यावा. तेवढ्या वेळात फळांचा वास मागे सरकतो, माल्ट आणि चॉकलेट पुढे येतं, कोरडेपणा वाढतो. दोन ओळी लिहून ठेवल्यात तर पुढच्या बाटलीशी तुलना करता येते. नुसत्या आठवणीवर हे टिकत नाही.

बिघडलेली बाटली कशी ओळखायची?

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर हवेने ती शिळी झाली आहे. व्हिनेगरसारखी आंबट लागली तर जिवाणू शिरलेत. नेलपॉलिशचा उग्र वास बहुधा आंबवताना तापमान हाताबाहेर गेल्याची खूण. फेस अजिबात नसेल तर झाकण सैल असेल किंवा बाटलीतली आंबवण नीट झाली नसेल. फक्त एक सावधगिरी: जुन्या बाटलीत शेरी वाईनसारखा, बदामासारखा वास येतो. तो दोष नाही, वयाचा गुण आहे.

रोशफोर १०, वेस्टव्लेटरन १२, सेंट बर्नार्डस आणि शिमे ब्ल्यू यांत निवडायचं कसं?

पहिल्यांदाच चाखणार असाल तर शिमे ब्ल्यूने सुरुवात करा. ९ टक्के, चौघींत सर्वांत कोरडी, जराशी मिरमिरीत, आणि युरोप-अमेरिकेत सहज मिळणारी. ही आधी नाताळासाठी म्हणून काढलेली बिअर होती. मोठ्या बाटलीवर वर्ष छापलेलं असतं, म्हणून दोन वेगळ्या वर्षांच्या बाटल्या शेजारी चाखायची सोयही तिच्यातच.

सेंट बर्नार्डस आब्ट १२ जास्त फळदार आणि मऊ. १० टक्के अल्कोहोल तिच्यात इतकं बेमालूम मुरलेलं असतं की सावध राहावं लागतं. गोडाची आवड असलेल्यांना ही लगेच जवळची वाटते.

वेस्टव्लेटरन १२ भोवती फार मोठं वलय आहे. सिंट सिक्स्टसचे मठवासी आपल्या उदरनिर्वाहाला लागेल तेवढीच बिअर तयार करतात. मागणी कितीही वाढली तरी उत्पादन त्या प्रमाणात वाढवत नाहीत. पूर्वी मठाला फोन लावून, गाडीचा नंबर देऊन वेळ घ्यावी लागे. २०१९ मध्ये नोंदणी ऑनलाइन झाली. मठासमोरच्या ‘इन दे व्रेदे’ कॅफेत बसून ती पिता येते, आणि बेल्जियमला जात असाल तर तिथेच प्यावी. बाहेरच्या दुकानांत दिसणाऱ्या बाटल्या बऱ्याचदा मठाच्या इच्छेविरुद्ध, अनेक पट किमतीला विकलेल्या असतात. बिअर अप्रतिम आहे: दाट, संतुलित, कोकोकडे झुकणारी. पण त्या किमतीत सेंट बर्नार्डसच्या कितीतरी बाटल्या येतात आणि दोघींतलं अंतर किमतीएवढं नक्कीच नाही. मठाचा मान राखायचा असेल तर काळ्याबाजाराची बाटली घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

रोशफोर १० या चौघींत सर्वांत कडक आणि सर्वांत खोल. ती पहिल्या दिवशी कदाचित आवडणार नाही. डुबेल, मग शिमे, मग ही, अशा क्रमाने गेलात तर तिच्यात किती थर आहेत ते उमगतं.

सोबत काय खावं?

कमी तिखट आणि खमंग, हे सूत्र. अल्कोहोलमुळे तिखट जास्त झोंबतं, म्हणून तांबडा रस्सा, ठेचा, मिरचीचा चखणा यांच्याशी हिची जोडी जमत नाही. व्हिनेगरचं आंबट असलेलं सोरपोतेलही नको. बेल्जियममध्ये गडद बिअरमध्येच मांस तासन्‌तास शिजवून स्टोफव्लेस नावाचा रस्सा करतात. त्याच्या जवळ जाणारं काही हवं असेल तर कांदा खरपूस परतून, मिरची आवरून केलेलं सुकं मटण चांगलं लागतं.

खारट आणि मुरलेलं चीज ही सर्वांत खात्रीची जोडी. ब्ल्यू चीजच्या खारटपणापुढे बिअरची फळं उजळून निघतात. भाजलेले अक्रोड, ७० टक्क्यांचं डार्क चॉकलेट हेही छान. गोडाबाबत जपून: गुलाबजाम किंवा पुरणपोळी हिच्यापेक्षा इतकी गोड असते की बिअर फिकी आणि कडू लागते. अपवाद गोव्याची बेबिंका. तिचे खरपूस थर आणि जायफळ या बिअरशी फार छान बोलतात, तुकडा लहान असला म्हणजे झालं.

एका वेळी किती प्यावी?

एक बाटली, शक्यतो वाटून. हिशोब करून बघा. रोशफोर १० च्या ३३० मिलीच्या बाटलीत सुमारे ३७ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या साध्या बिअरच्या ६५० मिलीच्या मोठ्या बाटलीत ते सुमारे ३२ मिली. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे ३० मिलीचे तीन पेग घेतले तर सुमारे ३८.५ मिली. म्हणजे ही इवलीशी बाटली जवळपास तीन छोट्या पेगांएवढी आहे, आणि चव इतकी गोलाईची की ते पिताना कळत नाही. उपाशीपोटी घेऊ नका. त्यानंतर गाडी चालवायची नाही. गरोदरपणात, यकृताच्या तक्रारीत किंवा गुंगी आणणारी औषधं चालू असताना अजिबात नाही.

तिघांत एक बाटली घेतली तर प्रत्येकाला ११० मिली येते. चाखायला तेवढी पुरते, आणि एका संध्याकाळी दोन-तीन वेगळ्या बिअर बघता येतात.

घरी साठवून ठेवता येते का?

येते, आणि साठवल्याने ती सुधारतेही. जास्त अल्कोहोल आणि बाटलीतलं जिवंत यीस्ट यांच्यामुळे ही काही वर्षं टिकते. लवंगेचा तिखटपणा कमी होतो, खजूर-शेरीची बाजू वाढते. अट एवढीच की जागा अंधारी हवी आणि तापमान १० ते १५ अंशांत स्थिर. आपल्याकडे मे महिन्यात कपाटातली बाटली ३५ अंशांवर जाते आणि वर्षांचं काम आठवड्यांत, तेही वाईट रीतीने होतं. म्हणून महाराष्ट्रात मुरवायची तर वाईनचा फ्रिज हवा. तो नसेल तर साध्या फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि फार वाट न बघता प्या. ऊन लागू देऊ नका. उजेडाने हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) द्रव्यं बदलतात आणि उग्र, कुबट वास येतो.

बेल्जियमबाहेरच्या क्राफ्ट ब्रुअरींनी केलेली ही बिअर चांगली असते का?

काही फार चांगल्या असतात. अमेरिकेत असाल तर न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाऊनची ओमेगांग बघा. १९९७ मध्ये सुरू झालेली ही ब्रुअरी पहिल्यापासून बेल्जियन पद्धतीवरच चालते. तिची थ्री फिलॉसॉफर्स ९.७ टक्क्यांची आहे आणि तिच्यात चेरीची बेल्जियन बिअर मिसळलेली असते, त्यामुळे शेवटाला हलकं आंबट-गोड फळ येतं. कॅनडात क्युबेकमधल्या युनिब्रूची त्र्वा पिस्तोल, ९ टक्के, गडद आणि मसालेदार.

सर्वसाधारण सांगायचं तर क्राफ्ट ब्रुअरींचा तोल जातो तो जास्तीच्या हौसेने. बर्बनचं पीप, व्हॅनिला, कॉफी एकदम घातलं की यीस्टचा आवाज बुडतो. लेबलवर घटकांची यादी जितकी लांब, तितका मी साशंक होतो.

भारतात अशी बिअर मिळते किंवा तयार होते का?

पुण्यात २००९ मध्ये डूलालीने मायक्रोब्रुअरी सुरू केली. त्यानंतर पुणे, मुंबई, बंगळुरूत बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअर सहज मिळू लागल्या. गडद आणि कडक प्रकाराची अडचण वेगळी आहे. भारतीय अन्नसुरक्षा मानकांत स्ट्राँग बिअरची व्याख्या ५ ते ८ टक्क्यांपर्यंत जाते, त्यामुळे १० टक्क्यांची बिअर त्या चौकटीत बसत नाही. डुबेल मात्र आरामात बसते. म्हणून इथल्या मायक्रोब्रुअरीत विचारायचं असेल तर डुबेल आहे का ते विचारा. कँडी सिरपऐवजी गूळ घातलेली सापडली तर जरूर चाखा. चव तीच नसते, कारण गुळात उसाच्या रसातले क्षार आणि खारटपणा उतरतो. पण माल्टशी त्याचं छान जुळतं.

परदेशातून येताना बाटल्या आणता येतात का?

येतात. भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला शुल्क न भरता २ लिटरपर्यंत मद्य आणता येतं, त्यात बिअरही मोजली जाते. ३३० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, मर्यादेच्या अगदी आत. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं. बाटल्या चेक-इन बॅगेतच ठेवाव्या लागतात. प्रत्येक बाटली जाड मोज्यात घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि बॅगेच्या मधोमध, कपड्यांमध्ये ठेवा. सहाच आणायच्या तर माझी निवड अशी: दोन रोशफोर १०, दोन सेंट बर्नार्डस, एक शिमे ब्ल्यू, एक वेस्टमाले डुबेल. घरी पोचल्यावर त्या आठवडाभर फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, कारण प्रवासात ढवळलेलं यीस्ट खाली बसायला तेवढे दिवस लागतात.